प्राप्तिकर : दर वाढवावा की व्याप्ती?

आमच्या घरी त्याला 'प्राप्तिकर' म्हणतात. वर्गात माझ्या शेजारी बसणारी कन्नड मैत्रीण त्यालाच 'आदाय तेरिगे' म्हणते. आणि इंदूरला व्हाइट चर्चसमोरच्या सरकारी इमारतीवर 'आयकर भवन' अशी पाटी आहे. नावे तीन, वस्तू एकच. आणि तिन्ही भाषांत ते नाव उच्चारताना माणसाचा चेहरा सारखाच आंबट होतो.

कराविषयी निबंध लिहायचा म्हणजे प्रारंभी कौटिल्याला आणि कालिदासाला वंदन करावयाचे, असा शाळेत दंडक होता. आठवीत मीही तसा निबंध लिहून दहापैकी आठ गुण मिळवले होते. या लेखात मात्र त्या दोघांना मी तसदी देणार नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला मावशीकडे दीड महिना राहिले आणि तिथे जे पाहिले, त्यावरून जे विचार मनात आले ते आपल्यासमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

मावशीचे यजमान करसल्लागार आहेत. त्यांचे कार्यालय म्हणजे रामबागेतील घराचीच पुढची खोली. मे-जून हा विवरणपत्रांचा हंगाम. "बी.कॉम. करून राहिली आहेस ना? मग पुस्तक बाजूला ठेव बेटा आणि इथे बस," असे म्हणून काकांनी मला संगणकापुढे बसवले. त्यांची मराठी अशी हिंदीत बुडवून काढलेली असते. पण हिशेब चोख.

त्या खोलीत आलेल्या तीन माणसांविषयी प्रथम सांगते.

पहिल्या एका शाळेतील शिक्षिका. फॉर्म सोळा टेबलावर ठेवला की त्यांचे काम संपले. त्यांच्या पगारातला एक रुपया लपवावा म्हटले तरी लपत नाही, कारण पगार हाती येण्यापूर्वीच कर कापून गेलेला असतो. दुसरे कापडाचे व्यापारी. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्याने वह्या न दाखवता उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा धरून कर भरावा अशी सोय कायद्यात आहे. खरा नफा त्याहून अधिक असेल तर अधिकच दाखवावा, असेही कायदा म्हणतो. परंतु कायद्याचे ते दुसरे वाक्य त्या खोलीत दीड महिन्यात कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

तिसरे गृहस्थ जमीनदार म्हणावेत असे. शहराबाहेर बायपासच्या बाजूला त्यांची वडिलार्जित जमीन. तिच्यातील बरीच आता वसाहतींखाली गेलेली. तरीही त्यांच्या कागदावर शेतीचे उत्पन्न मात्र दरवर्षी वाढतच होते. काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, "इतके सोयाबीन पिकले कुठे? मंडीच्या पावत्या आणा." गृहस्थ हसले. म्हणाले, "शेतीला कर नाही, मग पावती कशाला?" काकांनी फाईल परत केली. ते ती घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. ती फाईल कोणत्या दुसऱ्या टेबलावर गेली असेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या अंदाजाने या तिघांची खरी मिळकत काही फार वेगळी नसावी. शिक्षिकाबाईंचीच कदाचित सर्वांत कमी. पण कराचा संपूर्ण भार मात्र त्यांच्यावर. आता सांगा, सरकारला उद्या अधिक पैसा हवा झाला आणि त्याने कराचा दर वाढवला, तर तो वाढीव दर कोणाला लागेल? जी आधीच आत आहे तिला. जो बाहेर आहे त्याला शंभर टक्के दर लावला तरी शंभराने शून्याला गुणल्यासारखेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझ्या मते आयकराच्या वादातील पहिला प्रश्न 'किती टक्के' हा नसून 'कोणाकोणाला' हा आहे. राजकीय व्यासपीठांवर मात्र याच्या उलट चालते. एक पक्ष म्हणतो श्रीमंतांवरचा कर वाढवा, दुसरा म्हणतो मध्यमवर्गाला सूट द्या. दोघेही आकड्यांवर भांडतात आणि दाराबाहेर उभा असलेला मनुष्य शांतपणे पान खात भांडण ऐकत असतो.

दर वाढवून काय होते, याचा प्रयोग आपल्या देशाने करून पाहिला आहे, आणि त्यातील मुख्य पात्र आपल्याच सातारा जिल्ह्यातील होते. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, १९७१-७२ पासून, दोन लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के कर आणि त्यावर १५ टक्के अधिभार होता. एकूण ९७.७५ टक्के. म्हणजे त्या पायरीवरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याचे आणि उरलेले सरकारचे. त्याच सुमारास न्यायमूर्ती वांच्छू यांच्या समितीने अहवाल दिला की इतका चढा दर हेच करचुकवेगिरीचे आणि काळ्या पैशाचे एक मोठे कारण आहे. सर्वोच्च दर ७५ टक्क्यांच्या आसपास आणावा. चव्हाणांनीच पुढे १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ टक्क्यांवर आणला. नंतर तो ६६ झाला, १९८५ मध्ये ५० झाला, आणि १९९७ मध्ये ३० टक्क्यांवर आला.

यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की दर जितका कमी तितके लोक प्रामाणिक. मला हा निष्कर्ष अर्धाच पटतो. ९७ टक्के कर असताना चोरी करणाऱ्याला निदान सबब होती. आज तीस टक्के असतानाही कापडाच्या पेढीवरचा नफा बरोबर आठ टक्क्यांवरच थांबतो, याला सबब काय? दर उतरला म्हणजे चोरीचा फायदा कमी होतो, एवढे खरे. पण सापडण्याची भीतीच नसेल आणि शेजारी भरत नाही हे दिसत असेल, तर पाच टक्केसुद्धा जड वाटतात. १९५६ मध्ये निकोलस काल्डोर या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने आपल्या सरकारला हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते. त्याचा सल्ला असा, की आयकराचा वरचा दर बराच खाली आणा आणि त्याच्या जोडीला संपत्ती, खर्च आणि देणग्या यांवरही कर बसवा, म्हणजे एका जाळ्यातून सुटलेला मासा दुसऱ्यात अडकेल. आपण १९५७-५८ मध्ये ती नवी जाळी तेवढी घेतली, दर मात्र चढेच ठेवले. पुढे जाळीही एकेक करून गुंडाळली. शेवटचा संपत्ती कर २०१५ मध्ये गेला.

आता व्याप्तीकडे वळू. 'कराची व्याप्ती वाढवणे' हा शब्द वर्तमानपत्रात वाचताना कोरडा वाटतो, पण इंदूरसारख्या शहराने तो प्रत्यक्ष अनुभवला आहे. होळकरांच्या राज्यात ब्रिटिश हिंदुस्थानचा आयकर कायदा लागू नव्हता. तेथील कापडगिरण्यांवर १९२७ च्या नियमांनुसार दरबारचा स्वतःचा 'औद्योगिक कर' होता. १९४८ मध्ये होळकर, शिंदे इत्यादींची संस्थाने मिळून मध्य भारत राज्य झाले आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा तेथे लागू झाला. बदल एकदम जड जाऊ नये म्हणून सुरुवातीला सवलतीही दिल्या होत्या. तरी जुन्या औद्योगिक कराचे आणि नव्या आयकराचे सांधे कसे जुळवायचे यावर वाद झालेच. हुकुमचंद मिलचे दावे १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर नवा म्हणून इंदूरची बाजारपेठ ओस पडली नाही. सियागंज चालूच राहिला, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट चालूच राहिले. ज्यांना काल कर नव्हता त्यांना आज लागला, थोडी कुरकुर झाली, थोडी वकिली झाली आणि व्यवहार पुढे सुरू राहिला. व्याप्ती वाढवली तर आकाश कोसळेल असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावेसे वाटते.

मग आज बाहेर राहिलेला सर्वांत मोठा भाग कोणता? शेतीचे उत्पन्न. हा विषय निघाला की आमच्या वसतिगृहात आवाज चढतात, कारण निम्म्या मुलींचे वडील शेतकरी आहेत. म्हणून जरा सावकाश बोलते.

१८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात पहिला आयकर आणला, तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यात होते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले. कारण असे, की शेतकरी सरकारला जमीनमहसूल देतच होता. एकाच उत्पन्नावर दोन कर नकोत. पुढे १९३५ च्या कायद्याने आणि नंतर आपल्या राज्यघटनेने शेतीउत्पन्नावरील कराचा अधिकार राज्यांकडे दिला. मूळ कारण जमीनमहसुलाचे होते. आज तो सारा इतका नाममात्र राहिला आहे की तलाठ्याकडे तो भरायला जाण्याचे भाडेच जास्त पडावे. कारण गेले, सूट उरली.

याच संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना मांडलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले होते, त्याचा आशय असा : आयकर देणाऱ्याला एका मर्यादेखाली कर माफ आहे आणि उत्पन्नच झाले नाही तर काहीच द्यावे लागत नाही, शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, जमीन एक एकर असो वा शंभर, सारा द्यावाच लागतो. हा अन्याय आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या दृष्टीने आयकर हा गरीब शेतकऱ्याचा शत्रू नव्हता. उलट, सरसकट साऱ्यापेक्षा तो अधिक न्याय्य होता, कारण तो ऐपत पाहतो.

हे ध्यानात घेतले की 'शेतकऱ्यावर कर' या दोन शब्दांनी घाबरण्याचे कारण उरत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरांहूनही कमी जमीन आहे. त्यांचे उत्पन्न कोणत्याही सूटमर्यादेच्या कितीतरी खाली असणार. त्यांना एक पैसाही कर लागण्याचा प्रश्नच नाही. उलट खत, कीटकनाशक, पाइप, मोटार या सर्वांवर ते वस्तू व सेवा कर आजही भरतात, आणि तो परत मागण्याची व्यापाऱ्यासारखी सोय त्यांना नाही. प्रश्न आहे तो वरच्या मूठभरांचा. शिवाय जे शेतकरीच नाहीत, पण ज्यांच्या कागदावर सोयाबीन पिकते, त्यांचा.

हा उपाय कोणाला सुचला नाही असेही नाही. १९७२ मध्ये डॉ. के. एन. राज यांच्या समितीने मोठ्या शेतजमिनींवर उत्पादकतेप्रमाणे कर बसवण्याची शिफारस केली होती. सरकारने तिचा एक लहानसा भाग १९७३ मध्ये स्वीकारला : एखाद्याला शेती आणि इतर दोन्ही उत्पन्ने असतील तर शेतीचे उत्पन्न कर ठरवण्यापुरते, म्हणजे वरचा दर लावण्यापुरते, मोजायचे, पण त्यावर कर घ्यायचा नाही. उरलेला भाग कपाटात राहिला. आणि आमच्या कन्नड भाषक मित्रांनी तर या कल्पनेने दचकण्याचे कारणच नाही. त्यांच्या राज्यात १९५७ मध्येच शेतीउत्पन्नावरील कराचा कायदा झाला आणि त्याचा रोख कॉफीसारख्या मळ्यांच्या पिकांवर होता. कोडगूच्या मळेवाल्याला जे चालले ते इतरत्र का चालू नये?

माझ्या मैत्रिणीचे यावर उत्तर असे, की सुक्याबरोबर ओलेही जळते. कायदा मोठ्यांसाठी होतो आणि नोटीस लहानांना येते. तिचे वडील अथणी भागात ऊस लावतात. तहसील कार्यालयात एका दाखल्यासाठी त्यांना किती फेऱ्या घालाव्या लागतात हे तिने पाहिले आहे. ही शंका मी उडवून लावू शकत नाही. म्हणून माझी मर्यादा मी स्पष्ट सांगते : ज्याला नोकरीत कर लागला असता त्याहून मोठे उत्पन्न जो स्वतःच शेतीचे म्हणून विवरणपत्रात दाखवतो, त्याच्यापासून सुरुवात करा. त्याच्याकडे पॅन आहे, सल्लागार आहे, संगणक आहे. त्याच्यासाठी तलाठ्याने बांधावर जाण्याची गरज नाही. बाकीच्यांना हात लावू नका.

इतके लिहून झाल्यावर माझी मलाच एक गोष्ट आठवली. ती लिहावी की नाही असा दोन दिवस विचार केला आणि लिहायचे ठरवले.

आमच्या नात्यातील एक गृहस्थ नोकरदार आहेत. घरभाड्यावर करात सूट मिळते, म्हणून ते दरवर्षी कार्यालयात भाड्याची पावती देतात. घर त्यांच्या आईच्या नावावर आहे. आईला भाडे दिले तर ते कायद्यात बसते. पण ते कधीच दिले गेले नाही. आई चहा करते, मुलगा चहा पितो, आणि मार्चमध्ये पावती तयार होते. दोन वर्षांपूर्वी ती पावती मी लिहिली. माझे अक्षर चांगले म्हणून. आजींनी सही केली आणि विचारले, "हे काय गं?" मी म्हटले, "काही नाही, ऑफिसचा कागद आहे."

बायपासच्या गृहस्थांचे कागदी सोयाबीन आणि आमची कागदी भाडेपावती यांत फरक किती? फार तर रकमेचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, एवढाच आपला न्याय. पगारदार मनुष्य प्रामाणिक असतो असे आपण अभिमानाने म्हणतो. खरे असे आहे की त्याच्या पगारात अप्रामाणिक होण्याची सोय कमी असते. जिथे फट दिसते तिथे तोही बोट घालतो. म्हणून मी जेव्हा 'व्याप्ती वाढवा' असे म्हणते, तेव्हा 'दुसऱ्यांना पकडा' एवढाच त्याचा अर्थ असता कामा नये.

मग माणसे कर कशाने भरतील? केवळ भीतीने? याचे उत्तर मला दोन ठिकाणी सापडले. एक इंदूरच्या गल्लीत आणि एक महाराष्ट्राच्या इतिहासात.

इंदूरला रोज सकाळी गाणे लावून कचऱ्याची गाडी येते. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा लागतो, नाहीतर गाडीवाला सर्वांसमक्ष परत देतो. या सेवेचे शुल्क महापालिका घेते. मावशी वीजबिलावर कुरकुरते, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडते, पण हे शुल्क मात्र ती विनातक्रार भरते. मी कारण विचारले. ती म्हणाली, "गाडी येते ना रोज!" २०१७ मध्ये इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढेही सलग ठरत राहिले. त्यात मावशीचेही पैसे आहेत हे तिला ठाऊक आहे, आणि पाहुण्यांना ती ते ऐकवतेही. कर कोठे जातो हे डोळ्यांना दिसले की तो जड वाटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या प्राध्यापकांच्या पिढीला माहीत असेल, आम्हा विद्यार्थ्यांना बहुधा नसेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी तक्रार केली होती की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. पैसा खेड्यातून शहराकडे वाहत होता. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी महाराष्ट्राने हा प्रवाह थोडा तरी उलटा फिरवला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर उभी राहिली. तिला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातील कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्याकडून थोडी थोडी रक्कम घ्यायची. जितकी जमेल तितकीच राज्याने आपल्याकडून घालायची. आणि त्यातून खेड्यातील मागेल त्या हाताला काम द्यायचे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. संसदेने २००५ मध्ये देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचाच धडा होता.

मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया मराठवाड्यात बंधाऱ्यावर माती टाकणाऱ्या बाईच्या हातात जातो, असे त्या कराचे रूप होते. मला वाटते, हा मराठी माणसाने केलेला करव्यवस्थेतील एक मोठा विचार आहे, आणि तो आम्हाला वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पेपरात शिकवला जात नाही.

तो विचार पुढे मळला हेही कबूल केले पाहिजे. निधी जमतो पण पुरता खर्च होत नाही, अशी टीका होत राहिली. आणि दुसरे असे, की घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ मध्ये अडीचशेवरून अडीच हजार झाली आणि तिथेच गोठली. महाराष्ट्रातील 'व्यवसाय कर', मध्य प्रदेशातील 'वृत्तिकर', कर्नाटकातील 'वृत्ति तेरिगे', सर्वांचे छप्पर एकच. कर्नाटकात महिना पंचवीस हजार मिळवणारा लिपिक आणि महिना पाच लाख मिळवणारा अधिकारी, दोघांच्या पगारातून तो सारखाच कापला जातो. ज्या कराचा जन्म समतेसाठी झाला त्याची ही दशा! व्याप्ती आहे पण पायऱ्या नाहीत. आयकराच्या बाबतीत नेमके उलटे. पायऱ्या भरपूर, पण चढणारे थोडे.

आणि ते अधिकच थोडे होत आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही अशी व्यवस्था केली. हिशेबाने साठ हजार कर होतो आणि तेवढीच सूट मिळते. नोकरदाराला प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाख. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता. मी खोटे कशाला बोलू? सरकारनेच सांगितले की यामुळे सुमारे एक लाख कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल. त्या अगोदरही विवरणपत्र भरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा कर शून्यच होता. आता दार आणखी अरुंद झाले. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. मग खजिना कोण भरणार? बिस्किटाचा पुडा आणि चप्पल विकत घेणारा प्रत्येक मनुष्य, वस्तू व सेवा कराच्या रूपाने. तिथे सूटमर्यादा नाही. मावशीकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई चप्पल घेताना त्याच दराने कर देतात, ज्या दराने तीच चप्पल घेणारा कारखानदार देतो. 'आमच्या पैशावर देश चालतो' असे आयकर भरणारे म्हणतात तेव्हा त्या बाईंना विचारावेसे वाटते, "तुमच्या पैशाचे काय झाले?"

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. दर वाढवण्याची घाई नको. आधी समान मिळकतीला समान कर लावा, मग ती पगारातून येवो, पेढीवरून येवो की शेतातून. मध्यमवर्गाला खूश करण्यासाठी सूटमर्यादा वर वर नेण्याऐवजी अगदी लहानसा का होईना, दोन-पाचशे रुपयांचा का होईना, कर अधिक लोकांनी द्यावा. म्हणजे हिशेब विचारण्याचा अधिकारही अधिक लोकांना वाटेल. व्यवसाय कराचे छप्पर काढून त्याला ऐपतीच्या पायऱ्या द्याव्यात. आणि जो कर नव्याने घ्याल त्याच्या कपाळावर तो कशासाठी आहे हे १९७५ सारखे लिहावे, आणि दरवर्षी त्याचा हिशेब गावच्या फलकावर लावावा. नुसते 'उपकर' हे नाव देऊन भागणार नाही. आयकरावर आजही चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे, आणि तो राज्यांना वाटून दिला जात नाही. त्यातून आपल्या गावात कोणती शाळा किंवा कोणता दवाखाना उभा राहिला, हे वाचकांपैकी कोणी सांगू शकेल काय?

काही मित्र म्हणतील, तू अजून एक रुपयाही आयकर भरलेला नाहीस, तुला हे बोलण्याचा अधिकार काय? बरोबर आहे. पण आपण ज्या वर्गात बसतो त्या वर्गाचा खर्च आपल्या फीमधून निघत नाही, हे वाणिज्य मंडळाच्या कोणत्याही सभासदाला साध्या वजाबाकीने कळेल. उरलेली रक्कम कोणीतरी भरतो. फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे, आणि मिळवते झाल्यावर त्याचे उत्तर आपल्याच विवरणपत्रात लिहावे लागणार आहे.

त्या नातेवाईक गृहस्थांनी यंदाही मार्चमध्ये मला बोलावले. मी म्हटले, "काका, आजींना दर महिन्याला बँकेतून भाडे द्या, मग हवी तितक्या सुवाच्य अक्षरात पावती लिहून देते." ते रागावले. पावती दुसऱ्या कोणीतरी लिहिली असेल. माझ्या नकाराने सरकारचे काही वाचले असेल असे मला वाटत नाही. पण आजींनी पुन्हा विचारले असते तर या वेळी मला खोटे बोलावे लागले नसते.

माझी बाजू मी मांडली. कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणीने याला उत्तर लिहिण्याचे कबूल केले आहे, शेतकऱ्याच्या बाजूने. ते मी शब्दकोश न उघडता वाचेन आणि पटले तर पुढच्या अंकात तसे लिहीनही.